परसातल्या अंड्यांच्या कोंबड्या: पाच-सहापासून तीसपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरामागे चार कोंबड्या असणं आपल्याकडे नवीन नाही. मात्र अलीकडे बरेच जण विचारतात, की घरापुरती अंडी निघतातच आहेत, तर कळप वाढवून चार पैसे मिळवता येतील का? खालची उत्तरं त्यांच्यासाठी आहेत. आम्ही कोकणात राहतो, त्यामुळे पावसाबद्दल जरा जास्त बोललं जाईल. हजारो पक्ष्यांच्या पिंजऱ्यातल्या फार्मचं गणित वेगळं, ते इथे नाही.

माझं ठाम मत आधीच सांगते. एका दमात पन्नास पिल्लं आणून कळप वाढवू नका. वर्षातून दोनदा छोट्या तुकड्या आणा, म्हणजे परसात कायम दोन-तीन वयाच्या कोंबड्या राहतील. एका वयाच्या सगळ्या कोंबड्या एकाच वेळी अंड्यावर येतात, एकाच वेळी पिसं झाडतात आणि एकाच वेळी म्हाताऱ्या होतात.

सुरुवात किती कोंबड्यांनी करावी?

चौघांच्या घराला पाच-सहा कोंबड्या पुरतात. सुधारित जातीच्या सहा कोंबड्या ऐन भरात असताना दिवसाला तीन-चार अंडी देतात. एक वर्ष त्या सांभाळून बघा. उन्हाळा, पावसाळा आणि पिसं झाडायचा काळ असं सगळं एकदा अनुभवल्याशिवाय वाढवायच्या मागे लागू नये.

कोणती जात घ्यावी?

घरात अंडी हवीत की अंडी विकायची आहेत, यावर ते ठरतं.

गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते. अंडं लहान असतं, पण ती चपळ असते, घार दिसली की पिल्लांना हाक घालते आणि खुडूक बसून पिल्लं काढते. हे गुण विकत मिळत नाहीत, म्हणून दोन-तीन गावठी कोंबड्या प्रत्येक परसात हव्यातच असं मला वाटतं.

अंड्यांसाठी ग्रामप्रिया चांगली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने ती खास परसासाठी तयार केली. थोडं खाद्य वरून दिलं तर वर्षाला 160 ते 180 तपकिरी अंडी मिळू शकतात. त्याच संस्थेची वनराज अंगाने भारी असते, कोंबडे वजनदार निघतात, पण अंडी ग्रामप्रियापेक्षा कमी. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज आपल्याकडे बरीच जुनी आणि ओळखीची. ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प याही आपल्या हवेत टिकतात.

कडकनाथ अंड्यांसाठी घेऊ नका. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातल्या या कोंबडीच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिची मागणी मांसासाठी आहे, अंडी गावठीच्याच आसपास.

लेअर फार्मवरच्या (अंड्यांसाठीच्या मोठ्या फार्मवरच्या) जुन्या पांढऱ्या कोंबड्या स्वस्तात मिळतात. त्या घ्याव्या का?

नको. त्यांचा अंड्यांचा मोठा काळ पिंजऱ्यात संपलेला असतो. त्यांना माती उकरायची सवय नसते, काठीवर बसता येत नाही, कुत्र्याला त्या घाबरत नाहीत. शिवाय बाहेरचा आजार घरात आणायचा हा सर्वांत सोपा रस्ता आहे.

एक दिवसाची पिल्लं आणावी की तयार तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या)?

पहिल्यांदा करणाऱ्याने तलंगा घ्याव्या. तीन-चार महिन्यांच्या, लसी झालेल्या तलंगा महाग पडतात, पण मर फार कमी होते आणि दीड-दोन महिन्यांत अंडी सुरू होतात. देणाऱ्याकडून लसींच्या तारखा लिहून घ्या.

एक दिवसाची पिल्लं स्वस्त असतात, पण नर-मादी निवडून दिलेली नसतील तर निम्मे कोंबडे निघणार हे धरूनच चाला. 50 पिल्लं आणली, नीट सांभाळून 44-45 जगली, तर अंड्यावर येणाऱ्या तलंगा वीस-बावीसच. उरलेले कोंबडे चौथ्या-पाचव्या महिन्यात विकून पिल्लांचा आणि खाद्याचा बराच खर्च निघतो. हे गणित आधी मांडलं नाही की पाचव्या महिन्यात परसात वीस कोंबडे एकमेकांशी झुंजत असतात.

पिल्लं कुठून आणावी?

पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, कोल्हापूरला, छत्रपती संभाजीनगरला आणि नागपूरला आहेत. काही जिल्ह्यांत सधन कुक्कुट विकास गटही आहेत. तिथे नोंदणी आधी करावी लागते. कृषी विज्ञान केंद्रातही विचारून ठेवा. गाडीवरून दारोदार विकायला येणारी रंगीत पिल्लं घेऊ नका. ती बहुतेक नरच असतात, लस झालेली नसते.

पिल्लांचे पहिले दोन आठवडे कसे काढायचे?

सगळ्यात जास्त मर याच काळात होते, म्हणून इथे सविस्तर सांगते.

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच जागा तयार ठेवा. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल करा, कोपरे नको. कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली दोन-तीन इंच भाताचं तूस, त्यावर पहिले तीन दिवस वर्तमानपत्र. वर बल्ब टांगून पिल्लं यायच्या आधीच आतली हवा 35 अंशांपर्यंत तापू द्या. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत न्या.

थर्मामीटर नसेल तरी चालतं, पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. बल्बपासून लांब, चोच उघडी टाकून पडली असतील तर उकडतं आहे. गोलभर पसरून शांतपणे खात-पीत असतील तर सगळं ठीक. रात्री दोन वाजता एकदा उठून हे बघायचंच. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर मातीच्या मडक्यात निखारे घालून, वर राख टाकून, जाळीबाहेर ठेवायची जुनी पद्धत अजूनही उपयोगी आहे. धूर मात्र कोंडू देऊ नका.

आल्याआल्या आधी पाणी, खाद्य नंतर. कोमट पाण्यात थोडा गूळ घाला आणि प्रत्येक पिल्लाची चोच एकदा त्यात बुडवा. एकाने पिलं की बाकीची बघून शिकतात. तासा-दोन तासांनी कागदावर भरडलेला मका पसरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मागची बाजू तपासा. विष्ठा चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्यात कापूस भिजवून पुसून घ्या, ओढून काढू नका. पाण्याचं भांडं उथळ हवं, खोल भांड्यात पिल्लं बुडून मरतात.

लसी खरंच लागतात का? आमच्या आजीने कधी दिल्या नाहीत.

लागतात. मानमोडी म्हणजे राणीखेत एकदा वाडीत शिरली की दोन-चार दिवसांत खुराडी रिकामी होतात. या रोगावर औषध नाही, लस आहे. पूर्वीही ही साथ यायचीच. सगळ्या कोंबड्या जायच्या आणि घरातली माणसं पुन्हा एका जोडीपासून सुरुवात करायची.

साधारण क्रम असा: मरेक्स या रोगाची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात देतात, ती दिली का हे विचारा. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही राणीखेतची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास लासोटा पुन्हा. सहाव्या आठवड्यात देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत. आठव्या ते दहाव्या आठवड्यात राणीखेतचीच आरटूबी, टोचून. तुमच्या भागातल्या साथी बघून पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर यात बदल सांगतील, ते ऐका.

अडचण अशी, की लसीची कुपी बहुतेक वेळा 100 मात्रांची असते, आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत वापरावी लागते. तुमची पिल्लं वीस. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात पिल्लं आणावी आणि एकाच सकाळी लस करावी. आमच्याकडे असंच करतो. एकीने थर्मासमध्ये बर्फावर लस धरायची, दुसरीने पिल्लू मुठीत घेऊन डोकं आडवं धरायचं, थेंब डोळ्यावर पडला की पिल्लाने पापणी मिटेपर्यंत थांबायचं आणि मगच खाली सोडायचं. घाईत सोडलं तर थेंब गालावरून ओघळतो आणि लस झाली असं आपण समजत राहतो. आजारी पिल्लांना लस देऊ नका. लस ऊन लागू न देता बर्फातच न्या.

खुराडं केवढं हवं?

रात्री बसायला दर कोंबडीला किमान दोन चौरस फूट जागा. 30 कोंबड्यांना 6 बाय 10 फूट झालं. दिवसभर कोंडूनच ठेवणार असाल तर बाहेर जाळीचं मोकळं अंगण वेगळं लागेल, दर कोंबडीला दहा चौरस फूट तरी.

आत बसायला काठ्या लावा, दर कोंबडीला आठ-नऊ इंच. सगळ्या काठ्या एकाच उंचीवर बांधा, नाहीतर रोज संध्याकाळी वरच्या काठीसाठी मारामारी होते. चार-पाच कोंबड्यांमागे अंड्यांचा एक खण, फूटभर लांब-रुंद, अंधारा, काठ्यांपेक्षा खाली. खण काठ्यांच्या वर असला तर कोंबड्या रात्री त्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात.

जमीन ओली राहता कामा नये. कोकणात जांभ्याच्या दोन थरांवर किंवा खांबांवर खुराडं उचललं तरच पावसाळा नीट जातो. छपराचा पुढचा भाग चांगला दोन-अडीच फूट बाहेर काढा, म्हणजे पावसाची झड आत येत नाही. हवा मात्र खेळती हवी. सकाळी दार उघडल्यावर डोळे चुरचुरले तर आत वायू कोंडतो आहे. तूस बदला, वरच्या बाजूला जाळी मोठी करा.

मुंगूस, साप, कुत्री यांचं काय?

रोग सोडले तर सर्वांत जास्त कोंबड्या रात्री न लावलेल्या दारामुळे जातात. दिवस मावळला की कोंबड्या आपोआप आत जातात. मोजून घ्यायच्या आणि कडी घालायची. हे काम घरात एकाच माणसाकडे ठेवा. दोघांकडे असलं की एखाद्या रात्री दोघंही दुसऱ्याने लावलं असेल असं समजतात.

बाजारात मिळणारी षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रं ती फाडतं आणि छोटा साप त्यातून येतो. खालच्या तीन फुटांना अर्धा इंची वेल्डमेश लावा. घूस आणि मुंगूस खालून उकरतात, म्हणून जाळी फूटभर जमिनीत गाडा किंवा बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर दगड ठेवा. अंडी संध्याकाळपर्यंत उचललेली असली की साप यायचं एक कारण कमी होतं. पिल्लांवर घार-शिकऱ्याचं लक्ष असतं. दोन महिन्यांची होईपर्यंत ती डालग्याखाली किंवा वरून जाळी असलेल्या जागेतच ठेवा.

खाद्य किती आणि कोणतं?

अंड्यावरची सुधारित कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाते. परस मोठं असेल, शेणखताचा ढीग असेल, गवत-किडे असतील तर निम्म्याच्या आसपास ती स्वतः शोधते. मग सकाळी थोडं आणि संध्याकाळी पोटभर, मिळून 50-60 ग्रॅम पुरतं. संध्याकाळचं खाद्य खुराड्यातच घाला, कोंबड्या वेळेवर घरी येतात.

फक्त तांदळाची कणी आणि कोंडा घालून अंड्यांची अपेक्षा करू नये. अंड्यासाठी प्रथिनं लागतात, खाद्यात 16 ते 18 टक्के. मका किंवा ज्वारी-बाजरी, सोयापेंड, कोंडा आणि खनिज मिश्रण असं मिळून हवं. पहिल्या वर्षी तयार लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरड खाद्य) निम्मं आणि घरचं धान्य निम्मं हे सोपं पडतं. अझोला (पाण्यावर वाढणारी बारीक वनस्पती), शेवग्याचा पाला, वाळवी, गांडुळं हे वरचं.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. बुरशी आलेलं काहीही, विशेषतः शेंगदाणा पेंड आणि भिजलेला मका, घालू नका. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं आणि कोंबड्या एकेक करून संपतात. आणि लेअर मॅश लहान पिल्लांना देऊ नका. त्यात कवचासाठी 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम असतं, ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पिल्लांना स्टार्टर, दोन महिन्यांनंतर ग्रोअर, पहिलं अंडं दिसायच्या सुमाराला लेअर.

पाण्याचं काय विशेष?

खाद्याच्या दुप्पट पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. एक दुपार पाणी संपलं तरी त्याचा फटका पुढचे काही दिवस अंड्यांत दिसतो. भांडं सावलीत, रोज घासून.

शिंपला कशाला घालायचा?

एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, आणि ते कवच मुख्यतः रात्री तयार होतं. म्हणून भरडलेला शिंपला संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवा, जिला लागेल ती खाते. अंड्यांची टरफलं घालायची तर भाजून, बारीक कुटून. अख्खी टाकली की अंडी फोडून खायची सवय लागते.

अंड्यासाठी कोंबडा लागतोच का?

नाही. अंडी कोंबड्याशिवायही तितकीच येतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. पिल्लं काढायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा.

अंडी एकदम कमी झाली. काय बिघडलं?

आधी ऋतू बघा. कोंबडीला अंड्यासाठी दिवसाला 14 ते 16 तास उजेड लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम 11 तासांचा. पहाटे खुराड्यात तीन-चार तास एक साधा बल्ब लावला की फरक पडतो. संध्याकाळी लावला तर तो विझताच कोंबड्या अंधारात काठी शोधत धडपडतात. तलंगांना 18 आठवड्यांच्या आधी जादा उजेड देऊ नका, अंग भरण्याआधीच त्या अंड्यावर येतात.

मग वय आणि पिसं बघा. वर्ष-दीड वर्षाच्या कोंबड्या पिसं झाडतात तेव्हा दोन-तीन महिने अंडी जवळपास थांबतात. हा आजार नाही, टॉनिकने काही होत नाही. त्या काळात प्रथिनं वाढवा.

मग शोधा, की अंडी खरंच कमी झाली की कुठे चोरून घातली जात आहेत. गवताची गंजी, लाकडांचा ढीग, केळीचं बेट पाहा. दोन-तीन दिवस सकाळी दहापर्यंत कोंबड्या आतच ठेवल्या की बहुतेक पुन्हा खणात घालू लागतात.

यातलं काहीच नसेल, कोंबड्या मलूल असतील, शिंकत असतील, हिरवट विष्ठा असेल तर थांबू नका. आजारी कोंबडी वेगळी करा आणि डॉक्टरांना बोलवा. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे.

आणि एक लक्षात ठेवा: अंडं तयार व्हायला साधारण 25 तास लागतात. रोज थोडा उशीर होत होत एक दिवस चुकतो. रोज अंडं देत नाही म्हणून कोंबडीला दोष देऊ नये.

उन्हाळ्यात कवच पातळ का होतं? शिंपला तर घालतो.

कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. त्या धापांमधून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि कवच बनवायला लागणारं रसायन रक्तात कमी पडतं. म्हणून इलाज गारव्याचा. पत्र्यावर गवत किंवा नारळाची झावळं टाका, दुपारी ओली गोणपाटं लावा, खाद्य पहाटे आणि संध्याकाळी घाला. विदर्भ-मराठवाड्यात 42-43 अंशांच्या दुपारी कोंबड्या हाताळू नका, त्या जागेवर दगावतात.

पावसाळ्यात पिल्लं रक्त हगतात.

ही रक्ती हगवण. ओल्या तुसात तिचे जंतू वाढतात आणि तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं जास्त बळी पडतात. औषध डॉक्टरांकडून लगेच आणा, पण तूस कोरडं केलं नाही तर ती पुन्हा येणार. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढा, आठवड्यातून दोनदा सगळं वर-खाली करा. तुऱ्यावर आणि डोळ्याभोवती खपल्या दिसल्या तर ती देवी, ती डासांमुळे पसरते.

कोंबडी खुडूक बसली. बसू द्यावी का?

पिल्लं हवी असतील तर यासारखी सोय नाही. 10 ते 12 अंडी ठेवा. सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, धुतलेली नकोत, निमुळता भाग खाली करून थंड जागी ठेवलेली हवीत. संध्याकाळी अंधार पडल्यावर बसवा. सातव्या रात्री बॅटरीवर धरून बघा: लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरला आहे, स्वच्छ दिसलं तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं येतात. रोज एकदा तिला उठवून खाऊ-पिऊ घाला, काही कोंबड्या उपाशी बसून राहतात.

पिल्लं नको असतील तर खणातून काढून, खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, खाद्य-पाणी देऊन. पाण्यात बुडवणं किंवा नाकात पीस घालणं हे क्रूर आहे, करू नका.

मग घरच्याच अंड्यांतून कळप वाढवता येईल का?

गावठीचा, हो. कोंबडा मात्र दर वर्षी-दीड वर्षाने दुसऱ्या गावातून बदलून घ्या, नाहीतर रक्त जवळचं होऊन पिल्लं अशक्त निघतात.

ग्रामप्रिया, वनराज वगैरे संकरित आहेत. त्यांच्या अंड्यातून पिल्लं निघतील, पण आईइतकी अंडी देतील याची खात्री नाही. त्यांची पिल्लं प्रत्येक वेळी उबवणी केंद्रातूनच आणा. गावठी खुडूक कोंबडीखाली रात्री विकतची एक-दोन दिवसांची पिल्लं सरकवली तर बऱ्याचदा ती त्यांना आपलंसं करते आणि बल्बचा खर्च वाचतो. सकाळी मात्र जवळ बसून लक्ष ठेवा.

नव्या कोंबड्या जुन्यांत कशा सोडायच्या?

बाहेरून आणलेल्या आधी तीन आठवडे पूर्ण वेगळ्या ठेवा, भांडी वेगळी, आणि खाद्य घालताना आधी जुन्यांना मग नव्यांना. त्यानंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवून एकमेकींना दिसू द्या. मग एका रात्री नव्या कोंबड्या काठीवर नेऊन बसवा. एकटीदुकटी सोडू नका, तीन-चार तरी एकदम. खाद्याची दोन-तीन भांडी लांब-लांब ठेवा. दोन-चार दिवस टोचाटोची होणारच. रक्त दिसलं तरच मध्ये पडा आणि जखमी कोंबडी लगेच बाजूला करा, कारण लाल रंग दिसला की बाकीच्या थांबत नाहीत.

बर्ड फ्लूची भीती वाटते.

सावध राहा, घाबरू नका. भारतातली पहिली नोंद फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावातही तो आला. गावात कावळे किंवा कोंबड्या अचानक मोठ्या संख्येने मेल्या तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. मेलेली कोंबडी नाल्यात टाकू नका, शिजवूही नका. बाहेरच्या कोंबड्यांच्या बाजारातून आल्यावर चपला बदला, हात साबणाने धुवा. नीट शिजवलेली अंडी खायला हरकत नाही.

दुकानदार पाण्यात घालायला प्रतिजैविकाची पुडी देतो.

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. ते औषध अंड्यात उतरतं आणि ती अंडी आपली मुलं खातात. कोलिस्टिनसारखं औषध माणसांसाठी शेवटचा आधार आहे, म्हणून 2019 मध्ये सरकारने पशुपक्ष्यांसाठी त्यावर बंदी घातली. औषध दिलंच, तर किती दिवस अंडी खायची-विकायची नाहीत हे डॉक्टरांना विचारून पाळा.

तपकिरी अंडं जास्त पौष्टिक असतं का?

नाही, रंग जातीवर ठरतो. बलकाचा गडद पिवळा रंग मका आणि हिरव्या पाल्याचा.

ग्रामप्रियाची अंडी गावरान म्हणून विकली तर चालेल?

नाही. गिऱ्हाईक गावठीचे पैसे देतं, त्याला गावठीचंच अंडं मिळालं पाहिजे. "परसात मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांची अंडी" असं सांगा. ते खरं आहे आणि त्यालाही चांगला भाव आहे. अंड्यावर पेन्सिलीने तारीख घाला. श्रावण आणि नवरात्रात मागणी पडते, थंडीत वाढते, त्याप्रमाणे नेहमीची घरं बांधून ठेवा.

हे परवडतं की नाही, कसं कळेल?

एक वही ठेवा. रोजची अंडी आणि खाद्याचा प्रत्येक रुपया लिहा. महिन्याच्या खाद्याच्या खर्चाला महिन्याच्या अंड्यांनी भागा, एका अंड्याला खाद्याचे किती पडले ते कळतं. 20 कोंबड्या पूर्ण विकतच्या खाद्यावर ठेवल्या तर महिन्याला 60-65 किलो लागतं; तेच परसात चरल्या तर निम्मं. माझ्या मते परसातल्या कोंबडीचा सगळा फायदा या निम्म्यात आहे. म्हणून चरायला जागा नसेल तर तीसपर्यंत जाऊच नका, सहा-आठ कोंबड्यांवर समाधान माना.

सरकारी अनुदान मिळतं का?

राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनाला 50 टक्के भांडवली अनुदान आहे, जास्तीत जास्त 25 लाख रुपये. पण ते पैदाशीचे किमान 1000 पक्षी आणि उबवणी यंत्रणा उभारणाऱ्यासाठी. छोट्या गटांच्या योजना जिल्ह्यानुसार आणि वर्षानुसार बदलतात, पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला विचारा. अनुदान मिळेल म्हणून कोंबड्या आणू नका.

म्हाताऱ्या कोंबड्यांचं काय करायचं?

दुसऱ्या वर्षी अंडी कमी होतात, पण मोठी येतात. अडीच वर्षांपुढे विक्रीसाठी ठेवणं परवडत नाही. गावठीतली चांगली आई असेल तर मात्र तिला ठेवा, दरवर्षी ती पिल्लं वाढवून देते.

माझ्याकडे सहा आहेत. दीड-दोन वर्षांत तीस कशा करू?

पावसाळा संपताना, सप्टेंबरअखेर, खुराडं तीस कोंबड्यांच्या मापाचं करून घ्या. पक्षी नंतर, जागा आधी. ऑक्टोबरच्या मध्यावर 25 पिल्लं आणा. हवा कोरडी असते, थंडी वाढेपर्यंत त्यांना पिसं आलेली असतात. त्यातून दहा-अकरा तलंगा मिळतील आणि मार्च-एप्रिलमध्ये अंड्यावर येतील. कोंबडे शिमग्याच्या आसपास विका, भाव चांगला येतो.

पहिली तुकडी नीट जगली, लसी वेळेवर झाल्या, वहीतला हिशेब जमला, तरच पुढच्या फेब्रुवारीत, म्हणजे वर्षभराने नव्हे तर त्याच थंडीच्या शेवटी, दुसरी 25 आणा. ती जुलै-ऑगस्टमध्ये अंड्यावर येतात, आणि पहिल्या वर्षाच्या तलंगा थंडीतही बऱ्यापैकी अंडी देत राहतात, नेमकी मागणी असते तेव्हा. पहिल्या तुकडीत मर जास्त झाली असेल तर फेब्रुवारी सोडून द्या आणि ऑक्टोबरची वाट बघा.

मधल्या उन्हाळ्यात मूळ सहांपैकी एखादी गावठी खुडूक बसली तर बसवा. पावसाच्या तोंडावर निघणारी पिल्लं मात्र टाळा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यानंतर आमच्याकडे कोणी कोंबडी रवणीला, म्हणजे अंड्यांवर, बसवत नाही.